इनडायरेक्टली

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगीत, बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहणारे काका ज्याला घाबरले नाहीत अशी गोष्ट ब्रह्मदेवाने अजून घडवलेली नाही. पालीला घाबरायचे, तारेला घाबरायचे. पोस्टमन शेजाऱ्यांकडे तार घेऊन आला तरी काका आधी जमिनीवर बसून घ्यायचे. नवा गॅस सिलिंडर आला की दोन दिवस काकींना स्टोव्हवर स्वयंपाक. आणि हाच माणूस साकीनाक्याच्या एका गाळ्यात ॲसिडच्या टाक्यांशेजारी वीस वर्षं बिनधास्त उभा होता! पितळेचे नळ घासायचे आणि त्यांवर निकल चढवायचं, ही त्यांची कारागिरी. नुसता अंगठा फिरवून सांगायचे, "ह्यो नळ निकल धरूचो नाय," आणि तो धरायचाच नाही.

त्या वाफेने खोकला जडला, तेव्हा जोगेश्वरीच्या एका हवेशीर कारखान्याने त्यांना पहिल्या तारखेपासून बोलावलं. काकांनी राजीनामा दिला. साकीनाक्याचे शेठ एवढंच म्हणाले, "बाँड याद है ना?" झालं, काकांची वाट लागली!

संध्याकाळी काका त्या बाँडचा स्टँप पेपर घेऊन माझ्याकडे आले. मी ऑफिसात टायपिस्ट, म्हणजे बिल्डिंगीतला इंग्रजीचा पंडित. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं असलं काम 'डायरेक्टली ऑर इनडायरेक्टली' करणार नाही, असं लिहून खाली काकांची सही.

"इनडायरेक्टली म्हणजे काय रे?"

"म्हणजे आडून आडूनसुद्धा नाही. घरीसुद्धा नाही!" मी म्हणालो. गंमत केली हो मी. जळो माझी जीभ.

त्या दिवसापासून काकांनी घरच्या पितळेला हात लावला नाही. एरवी दर शनिवारी चिंच लावून देव लखलखीत करणारा माणूस. आता समई काळवंडली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओळखू येईना. काकी चिंच भिजवायला निघाल्या तर काका धावत जाऊन दार लावायचे. "अगो, बायलेन केलान म्हणजे इनडायरेक्टलीच ता!" जिन्यात अनोळखी माणूस दिसला की दोन्ही हात काखेत. पहिली तारीख चार दिवसांवर आली आणि काकांनी जाहीर केलं, "तीन वर्सां घराक बसतलंय, पण तुरुंगात जावचंय नाय." घरात कमावणारे ते एकटे. मला जेवण जाईना.

शेवटी त्यांना ओढतच घाटकोपरच्या एका वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, "नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे काम करू नका, ही अट चालते. पण सोडल्यावरही पोटाचा धंदा करायचा नाही, हे कोर्ट मानत नाही. शेठची खास गुपितं तेवढी नेऊ नका."

काका आणखीच पांढरे पडले. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, "मग ही बोटां खंय ठेवू?"

"बोटं तुमचीच आहेत, काका," वकील म्हणाले.

"ता स्टँप पेपरार लिवून द्या."

वकील हसले आणि त्यांनी पुढच्या अशिलाला हाक मारली. आता आली का पंचाईत! कागदाची भीती कागदानेच जाणार, हे मला कळून चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्टँप पेपर आणला आणि त्यावर टाईप केलं: 'सदरहू बोटे काकांची स्वतःची असून ती त्यांनी कुठेही डायरेक्टली व इनडायरेक्टली वापरावीत.' खाली माझी सही आणि बोटांचाच मामला म्हणून बाजूला काकांचा अंगठा. कायद्याने त्याची किंमत शून्य. काकांनी तो तीनदा वाचला, आतल्या खिशात ठेवला आणि पहिल्या तारखेला जोगेश्वरीला गेले. शनिवारी वरच्या खोलीतून पितळेची भांडी घासल्याचा आवाज आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तरी पुढे वर्षभर साकीनाक्याची बस दिसली की काका पाठ फिरवायचे.

म्हातारपणी ते कायमचे गावी निघाले, तेव्हा मला वर बोलावलं आणि घड्यांवर फाटलेला तो कागद माझ्या हातात दिला.

"राहू दे की काका, तुमच्याकडेच."

त्यांनी अंगठा माझ्यासमोर धरला. सारखा थरथरत होता.

"नको रे. आता ह्या बोटांका कोण कशाक अडवतलो?"