आत्याबाईचा क्लच

नाटक कंपनीत त्यांना सगळे सावकाशकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण काकांना ते अंगासरसं बसलं होतं. मागून ट्रकवाले भोंगे मारून घसा कोरडा करोत, काका आपल्या चालीनंच जाणार. मागच्या सीटवरून नायक ओरडायचा, "काका, प्रयोग आज आहे, उद्या नाही!" काका आरशात बघून म्हणायचे, "तू संवाद पाठ कर. मी रस्त्यात थांबलो तर चालेल, तू रंगमंचावर थांबलास तर लोक खुर्च्या मोडतील." आणि गंमत अशी, की पहिली घंटा व्हायच्या आत गाडी थिएटरच्या मागच्या दाराशी लागली नाही, असं एकदाही झालं नाही.

ती गाडी म्हणजे आत्याबाई. जुन्या जमान्यातली, गोल चेहऱ्याची, पत्र्याच्या गालांची व्हॅन. तोंडानं सतत कुरकुर, पण घरात काही असलं की सगळ्यांत आधी हजर, म्हणून आत्याबाई. टपावर राजवाड्याच्या भिंती दोरांनी आवळलेल्या, आत कपड्यांच्या पेट्या, आणि पेट्यांवर आडवीतिडवी पसरलेली राजापासून द्वारपालापर्यंत सगळी मंडळी. काकांचं लग्नही आत्याबाईनंच जमवलं म्हणायला हवं. काकू कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या. मागे बसलं की त्यांना गाडी लागायची, म्हणून त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. पुढे मळमळ थांबली, पण ती जागा काही त्यांनी सोडली नाही.

आता कंपनी आटली होती. जुने नट घरी बसले, नव्यांना शूटिंगच्या तारखा. तरी वर्षाकाठी एक दौरा निघायचा आणि तो तोंडावर आला होता. तालमी रंगात होत्या. काकांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं, आणि कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

क्लचचं पेडल जड लागत होतं. आधी काकांना वाटलं, थंडीमुळे असेल. मग वाटलं, चपलेचा तळ गुळगुळीत झालाय. नवी चप्पल घेतली. आणि एकदा थिएटरच्या मागच्या जिन्यावर ती नवी चप्पल डाव्या पायातून कधी सटकली तेच त्यांना कळलं नाही. काका तसेच वर चढत राहिले. मागून येणारा रंगभूषाकार म्हणाला, "काका, तुमची एक चप्पल अजून खालीच विश्रांती घेतेय." सगळे हसले. काकाही हसले, आणि चप्पल घालायला खाली उतरताना त्यांनी कठडा धरला.

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. दादा धडधाकट माणूस, दिवसभर पायावर उभं राहून छापखान्यात काम करणारा. आधी चप्पल सटकायला लागली. मग हातात काठी आली. आता दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात आणि भेटायला गेलं की रस्त्यावरून कोण आलं, कोण गेलं, एवढंच सांगतात.

तेव्हापासून काकांच्या मनात एकच प्रश्न घुमत होता. पेडल जड झालंय, की आपला पाय गेला?

प्रश्न साधा होता आणि उत्तर मिळवणंही सोपं होतं. गाडी मिस्त्रीकडे न्यायची. पण काका तेवढंच टाळत होते. गाडी मिस्त्रीकडे गेली नव्हती तोवर दोष गाडीचा होता. एकदा तिची दुरुस्ती झाली आणि पेडल तरीही जड लागलं, तर मग दोष ढकलायला जागा कुठे राहणार? म्हणून काकांनी युक्त्या शोधल्या. इंजिनाचा आवाज कानानं जोखून, क्लचला न शिवता गिअर टाकायचे. गाडी उतारावरच उभी करायची, म्हणजे निघताना ती आपसूक घरंगळते. बाजारातला वर्दळीचा रस्ता सोडून लांबच्या वळशानं जायचं. काकू विचारायच्या, "अहो, हा कुठला रस्ता काढलात?" काका म्हणायचे, "झाडं आहेत जरा." काकू बाहेर बघायच्या. झाडं नसायचीच.

शेवटी भांडं फुटलं ते तालमीच्या हॉलसमोर. काकांनी गिअर टाकला आणि आत्याबाईनं अशी किंकाळी फोडली, की आत चाललेला मरणाचा प्रसंग थांबला. मेलेला राजा उठून खिडकीत आला. कंपनीच्या मालकीणबाई पायरीवर येऊन म्हणाल्या, "काका, नायिकेच्या किंकाळीला दाद मिळत नाही म्हणून तुम्ही मदत करताय का?"

काकूंनी त्याच दिवशी फर्मान काढलं. "गाडी आज मिस्त्रीकडे. नाहीतर दौऱ्याला मी येत नाही, आणि राजाची विजार तुम्ही शिवा."

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, जमिनीत एक लांबट खड्डा आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे त्याच आकाराची रंगानं काढलेली सावली, म्हणजे कुठला पाना गायब आहे ते लांबून कळावं. मिस्त्री काकांच्याच वयाचा, काटकुळा, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. हाताखाली माणूस टिकत नाही, अशी त्याची कायमची तक्रार. का टिकत नाही, ते त्याच्याकडे गाडी नेणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

"या आत्याबाई! आता कुठे दुखतंय?"

"क्लच जरा जड झालाय," काका म्हणाले. "म्हणजे, वाटतंय."

"वाटतंय की झालाय?"

"झालाय, भाऊजी," काकू म्हणाल्या. "हे सांगायला लाजतात."

आत्याबाईसारख्या गाडीत पायाचा जोर सरळ क्लचपर्यंत पोचत नाही. पेडलला एक लांब रॉड. तो गाडीच्या पोटाखालच्या आडव्या शाफ्टला फिरवतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक आखूड रॉड, आणि तो क्लच उघडतो. निरोप असा हातोहात जातो. मधला एक जरी अडून बसला, तरी निरोप अर्ध्यावर राहतो. म्हणून मिस्त्रीची पद्धत ठरलेली. आपण खड्ड्यात उतरायचं, दिवा धरायचा आणि वर बसलेल्याला ओरडून सांगायचं.

"दाब!"

काकांनी डावा पाय पेडलवर ठेवून रेटला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं.

"दाब की लेका! पाव्हण्यासारखा उंबऱ्यात काय थांबलास?"

काकांच्या कानशिलांवर घाम आला. मांडी दगडासारखी ताठली, पण पेडल हलेना. खालून मिस्त्रीला रॉड अर्ध्यावर अडलेला दिसत होता. आता तो विचारणार, जोर का नाही? काकांनी बाहेर नजर टाकली. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, नळावर बाटली भरत. आयुष्यभर विंगेत उभं राहून प्रयोग बघितलेल्या माणसाला काय कधी दिसतं आणि काय दिसत नाही, याचा हिशेब सांगावा लागत नाही. त्यांनी उजवा पाय अलगद उचलून डाव्यावर ठेवला, स्टिअरिंग घट्ट धरलं, सीटवरून अर्धं उठले आणि सगळा देह त्या पेडलवर टाकला.

पेडल तळाला गेलं.

"शाब्बास! सोड. दाब. सोड. पुन्हा दाब."

मिस्त्री हात पुसत वर आला. "लिंकेज ठणठणीत आहे, रॉड, शाफ्ट, सगळंच. पूर्ण जातंय, पूर्ण येतंय. तरी जड लागत असेल तर दुखणं आत आहे. गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आणि मग दौऱ्याचं नाव काढू नका." मग डोळे मिचकावून म्हणाला, "नाहीतर गाडी सोड आणि तुझा पायच कुणाला तरी दाखव!"

काका खो खो हसले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं असं हसले. स्टिअरिंगवरची बोटं मात्र पांढरी पडली होती. झालं. उत्तर मिळालं. गाडी ठणठणीत होती. दौऱ्याच्या गाडीत आपल्या जागी दुसरंच कुणी बसलेलं त्यांना दिसायला लागलं, आणि त्याच्याही पलीकडे खिडकीजवळची एक खुर्ची.

"राहू दे मिस्त्री," ते म्हणाले. "मी चालवीन अशीच."

"अशीच कशी?" काकू बाटली ठेवून आल्या. "त्या किंकाळ्या ऐकत? उतरा बघू खाली. मला बसू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"उभं आयुष्य या गाडीत शेजारी बसून काढलंय. न कळायला काय झालं?"

काका उतरले. काकू चढल्या, चपला काढल्या, डावा पाय पेडलवर ठेवून दाबला, आणि दचकल्या. "भाऊजी, हा तर धोंडा आहे!"

"वहिनी, तुमचा जोर तो किती?"

"कपड्यांच्या पेट्या माडीवर कोण चढवतं असं वाटतं तुम्हाला? राजा? खाली जा आणि नीट बघा."

मिस्त्री कुरकुरत खड्ड्यात उतरला. "दाबा." खाली दिव्याचा उजेड सरकला. "पुन्हा दाबा." उजेड एका जागी थांबला. "तसंच धरून ठेवा, वहिनी." मग हातोडीचे हलके ठोके. मग, "अरेच्चा."

तो वर आला तेव्हा कपाळावर ग्रीस आणि गंज होता. त्यानं काकूंकडे बघितलं नाही, सरळ काकांसमोर उभा राहिला. "मघाशी पेडल कसं दाबलंस?"

"पायानं."

"किती पायांनी?"

काका भिंतीवरचे पाने बघायला लागले.

"अरे, मी तुला पेडल दाबायला सांगितलं होतं, अभिनय करायला नाही! आडवा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश गंजून आवळलाय. वहिनींनी दाबलं तर शाफ्ट फिरायच्या ऐवजी नुसता पिळवटतोय. तू हत्तीसारखा वर उभा राहिलास, तेव्हा तो बिचारा भीतीनं फिरला. आणि मी शहाणा म्हणतोय, सगळं आलबेल! असाच नाचत राहिला असतास, तर एखाद्या घाटात शाफ्ट तुटला असता."

मिस्त्री तोंडाचा पट्टा चालू ठेवून पुन्हा खड्ड्यात उतरला आणि पिना ठोकायला लागला. काकू गाडीतून उतरल्या आणि भिंतीला टेकलेल्या जुन्या टायरवर बसल्या. "दोन्ही पायांनी का?"

काकांनी सांगितलं. जिना, चप्पल, दादा, सगळंच. मिस्त्रीच्या हातोडीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे ते फार मोठं वाटणार नाही.

"चप्पल सटकते हे मला का नाही सांगितलंत?"

"तू काय केलं असतंस?"

"आधी पट्टा आवळून शिवला असता."

"आणि मग?"

"मग घाबरले असते. एकट्यानं घाबरायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

दुपार कलली. मिस्त्रीनं शाफ्ट बाहेर काढला, रॉकेलमध्ये बुडवला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. शेजारच्या लेथवाल्याकडून पितळेचा नवा बुश कातून आणला, ग्रीस भरलं, नव्या पिना घातल्या. काका त्याच्या प्रत्येक हालचालीवर डोळे लावून बसले होते. गाडी दुरुस्त होत होती, आणि ती जसजशी नीट होत गेली तसतशी त्यांची भीती वाढत गेली. मघाशी मिळालेलं उत्तर खोटं होतं. खरं उत्तर आत्ता मिळायचं होतं.

"चल, बस," खड्ड्यातून मिस्त्रीचा आवाज आला. "डावा पाय. एकच. वहिनी, पहारा द्या."

काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी पाय ठेवला, डोळे मिटले आणि दाबला.

पेडल खाली गेलं. एवढ्या सहज गेलं, की काकांचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला.

"सोड."

काकांनी सोडलं नाही. पेडल तळाशी धरून ते बसून राहिले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा थरथरत होता. थरथर भीतीची होती की आणखी कशाची, ते काही त्या हाताला कळेना.

"अरे सोड की! मी इथेच म्हातारा होऊ का?"

"तो कधीच झालास," म्हणत काकांनी पेडल सोडलं. मिस्त्री वर आला, फडक्यानं हात पुसत विजयी वीरासारखा उभा राहिला. काकांनी त्याला मिठी मारली. तिथेच सगळं संपवता आलं असतं. हसून, चहा पिऊन, घरी जाता आलं असतं. काकू मात्र दारापासून हलल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या.

"पेडल गाडीमुळे जड होतं," काका हळूच म्हणाले. "पण चप्पल काही गाडीमुळे सटकली नव्हती."

काकूंनी मिस्त्रीला विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडलाय का आत्ता?"

"उघडलाय. पण आज जाताय? आधी गाडी पुसून तर देतो."

"डॉक्टर गाडीला तपासणार नाहीत, भाऊजी."

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी काकांना उंच टेबलावर आडवं केलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, पाऊल वर-खाली करायला लावलं. मग म्हणाले, "आता डोळे मिटा. मी कापूस लावीन. लागला की कुठे लागला ते सांगायचं."

काकांनी डोळे मिटले. कापूस अंगठ्याला लागला. "अंगठा," काका म्हणाले. मग घोट्याजवळ. "घोटा." काकूंनी रोखलेला श्वास थोडा सोडला.

मग डॉक्टरांचं स्टूल करकरलं. बाहीची सळसळ डावीकडे, खालच्या बाजूला झाली. म्हणजे डॉक्टर पावलाच्या बाहेरच्या कडेपाशी वाकले होते. विंगेतल्या अंधारात नुसत्या चाहुलीवरून कुठला नट कुठे उभा आहे ते ओळखणारे कान होते ते. करंगळी म्हणावं, बिनचूक ठरेल, उठून चप्पल घालावी, सकाळी दौऱ्याच्या तयारीला लागावं. शब्द ओठांपर्यंत आला.

"काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापूस लावलाय तुम्ही," काका म्हणाले. "ऐकू आलं मला. पण लागला नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, घाई नव्हती. "पाऊल उचलताय तोवर आलात, ते चांगलं केलंत. आता तसेच पडून राहा. हळूहळू वर येतो. जिथे कापूस जाणवेल, तिथे थांबवा मला."

काकू टेबलाजवळ सरकल्या. काकांनी डोळे मिटूनच त्यांचा हात शोधला आणि ते वाट बघायला लागले.