चार केंद्रं, एक जनरेटर

आमच्या ह्यांच्या तोंडाला कुलूप असं कधी नव्हतंच. आरोग्य खात्यात तीस वर्षं गाडी चालवली, पण लोक त्यांना ओळखायचे ते बोलण्यावरून. कुठेही जाऊ देत, दोन मिनिटांत चार माणसांना हसवल्याशिवाय चैन पडायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा मला ह्यांचं हेच आवडलं होतं. आता कोणी विचारलं, ह्यांचं काय आवडत नाही, तर त्याचंही उत्तर तेच.

ह्यांच्याकडे चार आरोग्य केंद्रं होती. औषधं, लसी, कापूस, पट्ट्या, सगळं मुख्य दवाखान्यात भरायचं आणि चारही ठिकाणी पोहोचवायचं. कागदावर या चारही केंद्रांना एकेक जनरेटर दिलेला होता. प्रत्यक्षात होता एकच. बाकीचे तीन कुठे गेले ते वरच्यांनाच ठाऊक. आपण कोण विचारणारे! तपासणी आली की तो एकुलता एक जनरेटर ह्यांच्या गाडीमागे जोडायचा आणि साहेबांच्या आधी केंद्रावर नेऊन उभा करायचा. साहेबांचं बघून झालं की मोठे डॉक्टर त्यांना रजिस्टरं दाखवत बसायचे, तोवर हे मागच्या रस्त्याने पुढच्या केंद्राकडे. सगळे त्या जनरेटरला ‘जावईबापू’ म्हणायचे. यायचं, पुसून-बिसून घ्यायचं, मान घ्यायचा, काम काडीचं करायचं नाही आणि निघून जायचं. हे नाव कोणी ठेवलं असेल ते सांगायला नको. एरवी जावईबापूंचा मुक्काम मुख्य दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीमागे. वीज गेली की त्यांचा एसी त्यावर चालायचा.

चौथं केंद्र सगळ्यात लांब, टेकडीवर. तिथे दुपारची वीज रोज जायची, तीही तीन-तीन तास. फ्रीज तापला की आतली लस वाया. मी एकदा ह्यांच्याबरोबर सहज म्हणून गेले होते. बायका कडेवर पोरं घेऊन दोन-दोन तास चालून आलेल्या. तिथल्या सिस्टरनी एकेक बाटली उजेडात धरून तिच्यावरची खूण बघितली, रंग बदललेला होता. सगळ्यांना हात जोडून त्यांनी परत पाठवलं. एक बाई तर पायरीवरच बसून राहिली, पोराला घेऊन परत तेवढं चालायचं तिच्या जिवावर आलं होतं. निघताना सिस्टर ह्यांना म्हणाल्या, “ड्रायव्हरदादा, मला तुमचा जावई नको हो. मला घरचा माणूस पाहिजे, इथेच राहणारा.”

त्यासाठी त्यांनी किती अर्ज केले याला गणती नाही. उत्तर ठरलेलं, ‘आपल्या केंद्रास जनरेटर पुरविण्यात आलेला आहे.’ शेवटी त्यांनी नाव घालून, सही करून थेट वर तक्रार केली. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

त्या वर्षी तपासणीला नवे साहेब आले. किडकिडीत, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणलेली. कोणाच्या घरी जेवणार नाहीत, कोणाची गाडी वापरणार नाहीत. पहिल्या दिवशी दोन केंद्रं झाली, दुसऱ्या दिवशी तिसरं. चौथ्यावर पोहोचल्या पोहोचल्या ते आधी सिस्टरच्या खोलीत गेले, पाच-दहा मिनिटं बसले. मग बाहेर येऊन जनरेटरपाशी उकिडवे बसले. त्याच्या डाव्या अंगाला एक पोचा होता, कुठल्याशा फाटकावर आपटल्याचा. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. मोठे डॉक्टर उभे, कारकून उभा, दोन कंपाउंडर उभे. त्या सगळ्यांना सोडून साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं.

“ड्रायव्हर, असाच पोचा मी काल पण पाहिला. हा तोच आहे का?”

नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. ते साहेब दाबून टाकणाऱ्यातले नव्हते. चौकशी लागली असती आणि टेकडीवर जनरेटर आला असता. पण आमचे हे म्हणाले,

“साहेब, चारही मीच उतरवले आणि चारही मीच ठोकले. माझा हात सगळीकडे सारखाच पडतो!”

झालं! काय हशा पिकला म्हणता! मोठे डॉक्टर तर डोळे पुसत होते. साहेबही जरासे हसले आणि वहीत काहीतरी लिहून गाडीत बसले.

घरी येऊन ह्यांनी मला सगळं हातवारे करून सांगितलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू, पोट दुखेपर्यंत हसले. शेवटी हे म्हणाले, “सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत.” मी म्हटलं, “त्यांना विनोद कळला नसेल.” जळो मेली माझी जीभ!

का बोलले असतील हे तसं? अकरा वर्षं तात्पुरते होते, कायम करायची फाईल मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर पडलेली. भीती होतीच. पण मी ह्यांना ओळखते. भीती पाव हिस्सा. बाकीची सगळी चार माणसांत टाळी घ्यायची हौस.

दोन महिन्यांनी सिस्टरना नोटीस आली. खोटी तक्रार केली, खात्याची बदनामी केली. पाठोपाठ बदली, तीही पार दुसऱ्या टोकाला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला तिकडे नेणं शक्य नव्हतं, भावाकडे ठेवावी लागली. सहा महिन्यांत ती तिथेच गेली, आणि सिस्टर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नोटिशीचं कळलं त्या दिवशी हे ताटावरून उठले. म्हणाले, “मी लिहून देतो, खोटं बोललो म्हणून.” कागद काढला, पेन काढलं. आणि मी, मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, “वेडेपणा करू नका. आधी कायमची ऑर्डर येऊ दे, मग बघू.” ऑर्डर आली. मग म्हटलं पोरीचं शिक्षण होऊ दे. मग तिचं लग्न. निमित्तांना काय तोटा! हे इतरांच्यात तसेच हसवत राहिले, पण तो किस्सा मात्र पुन्हा कधी सांगितला नाही.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. आठवड्याभरातच म्हणाले, “मला सिस्टरकडे जायचंय. तू चल, एकट्याने नाही होणार.” पत्ता शोधून गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत धुतलेली औषधाची बाटली आणि तिच्यात लावलेली वेल. केस सगळे पांढरे, पण आवाज तोच.

“या ड्रायव्हरदादा! वहिनी, बसा.” चहा टाकता टाकता आतूनच विचारलं, “काय हो, टेकडीवर जनरेटर आला का मग?”

“नाही,” हे म्हणाले. “अजून तोच फिरतो. आता दुसरा ड्रायव्हर नेतो.”

त्यांनी कप भरले. चहा आणून ठेवला. ह्यांनी मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, माफी मागितली. मला वाटलं त्या चिडतील, निदान रडतील. मी तर म्हणते चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“साहेबांनी मला खोलीत विचारलं, पुरावा काय,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे कसला पुरावा? मी म्हटलं, जनरेटर ओढून आणतो त्या ड्रायव्हरला विचारा. बाटली फुटली तर तो स्वतः येऊन सांगतो, लपवत नाही. तो खोटं बोलणार नाही. साहेब म्हणाले, तसं लिहून द्या. मी दिलं.”

“काय लिहून दिलंत?” मी विचारलं.

“ड्रायव्हर सांगेल ते मला मान्य आहे.”