काचेतून आलेला उजेड

बाबांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. बालाघाट, परसवाडा, खैरलांजी, जिथं लाइन बंद पडे तिथं खड्ड्यात उतरून ते तांब्याच्या तारा जोडत. त्यामुळे मी ज्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते तिथं काचेच्या धाग्याची फायबर केबल टाकायचं ठरलं, हे ऐकून त्यांचा घास हातातच राहिला.

"काच जमिनीत गाडतं? काहून? तांब्याले काय झालं?"

तांब्याला काहीच झालं नव्हतं. पण एक्स-रेची खोली आवारापलीकडच्या नव्या इमारतीत गेली होती. तिथून डॉक्टरांच्या टेबलापर्यंतचं अंतर शंभर मीटरच्या बरंच पुढे, आणि तांब्याच्या नेटवर्क केबलची मजल शंभर मीटरच. शिवाय मागच्या पावसाळ्यात आवारात वीज पडली, तेव्हा बाहेरून ओढलेल्या तांब्यातून झटका आत शिरला आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळाली. काचेतून वीज वाहत नाही. खोलीच्या आत, भिंतीपासून टेबलापर्यंत, मी तांबंच ठेवणार होते.

"तांबं वाकते, पण टिकते," बाबा म्हणाले. "काच ते काचच."

"मंग पाहायले या ना, बाबा."

ते आले. जोडणी करणाऱ्यानं केबल सोलली आणि आतून केसाएवढा धागा काढला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला, तरी धागा मधेच दिसे, मधेच हरवे. असे दोन धागे त्यानं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवले. यंत्राच्या पडद्यावर ते खांबांसारखे जाड दिसत होते. आपोआप सरकत ते एका रेषेत आले. बारीकशी ठिणगी चमकली, आणि मधली फट नाहीशी झाली.

बाबा पडद्यावर वाकले. "जोड कुठं गेला?"

"बाबूजी, अब एक ही काँच है," जोडणी करणारा म्हणाला.

आयुष्यभर त्यांच्या प्रत्येक जोडाला गाठ होती, बोटाला लागणारी.

मग तपासणी. मी बाबांना दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांच्या इमारतीत घेऊन गेले. "डोळ्यापुढं नका धरू, हातावर धरा," असं सांगून मी धाग्याचं टोक त्यांच्या हाती दिलं आणि पलीकडे थांबलेल्या जोडणीवाल्याला फोन केला. पलीकडून त्या माणसानं लाल दिवा लावला.

बाबांच्या तळहातावर कुंकवाएवढा ठिपका उमटला.

"आला वं!" ते ओरडलेच. मूठ मिटली, उघडली. बोटं बाजूनं लाल झाली. "तिकडचा उजेड हाय हा? जमिनीखालून आला?"

"हौ बाबा."

"अन् याच्यातूनच फोटो येईन?"

"फोटो, आवाज, सगळंच."

दुपारी पहिला एक्स-रे निघाला, खोकल्यानं बेजार झालेल्या एका म्हाताऱ्या बाईचा. डॉक्टरांच्या पडद्यावर बरगड्या उमटल्या, एकेक स्पष्ट, पांढऱ्या. बाबा दारात उभे होते. त्यांनी खिडकीतून पलीकडच्या इमारतीकडे पाहिलं. ती बाई आत्ता कुठे पदर सावरत पायरीवर आली होती.

"ते बाई तं अजून तिकडंच हाय," बाबा हळूच म्हणाले.