फिजिऑलॉजीच्या पदवीला आलेला भाव

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता मला कलमांपुरतीच आठवतात. हे एक मात्र माणसांसकट लक्षात राहिले आहे. शतक नुकतेच बदलले होते. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मे महिना असल्यामुळे वरातींच्या तक्रारी आणि वाहतुकीचा बंदोबस्त यांत सगळे ठाणे गुंतलेले असे.

एका संध्याकाळी, हजेरी आटोपल्यावर, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. शहराच्या कडेला त्यांची थोडी फुलशेती होती आणि पंचवटीच्या बाजारात ते झेंडू, निशिगंध विकत. बाहेर ठाणे अंमलदाराला त्यांनी काम सांगितलेच नव्हते.

"साहेब, गुन्हा व्हायच्या आदी मानूस धरला, तर त्याला सोडता येतं का?"

"गुन्हा कोणता, त्यावर आहे. आधी बसा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांचा मुलगा फिजिऑलॉजी हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झाला होता, तोही पहिल्या वर्गात. फिजिऑलॉजी म्हणजे शरीरातले अवयव कसे काम करतात याचे शास्त्र. डॉक्टर होणाऱ्यांना ते पहिल्याच वर्षी शिकावे लागते. मुलगा पदवी घेऊन आला तेव्हापासून घरीच होता.

"परवा बगतो, तर बारावीची पुस्तकं वाचत बसलाय. म्हनलं, डिग्री झाली ना रे, मग आता उलटा का चाललास? तर खरं सांगून टाकलं त्यानं. माझ्यापास्नं लपवत नाय तो काई."

येत्या रविवारी वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा होती. एका श्रीमंत उमेदवाराच्या जागी हा मुलगा बसणार होता. असल्या तोतयाला दलालांच्या भाषेत 'डमी' म्हणतात. उमेदवार कोण, हे वडिलांना ठाऊक नव्हते. परीक्षेचे केंद्र असलेली सिडकोतली शाळा तेवढी माहीत होती. मुलाला दलालाने कालच आपल्याकडे नेऊन ठेवले होते, कुठे ते वडिलांना सांगितले नव्हते.

"पेपर हातात पडायच्या आदी उचला त्याला," ते म्हणाले. "वाटलं तर दोन मुस्काटात द्या. पन डिग्रीवर डाग नको, साहेब. लय कष्टाची हाय. जूनमदी कालेजात मुलाकत हाय त्याची."

मी त्यांना नीट समजावून सांगितले. मुलगा वर्गात बसण्याआधी सापडला, तर चौकशी करून, समज देऊन मी त्याला घरी पाठवू शकतो. दुसऱ्याच्या नावाने उत्तरपत्रिका हाती घेतल्यावर मात्र तोतयेगिरीचा गुन्हा होतो, आणि मग सोडणे माझ्या अधिकारात राहत नाही. त्यांनी मान हलवली. सगळे नेमके समजले होते.

रविवारी सकाळी शाळेसमोरच्या रसवंतीत मी त्यांना साध्या वेशातल्या एका हवालदाराशेजारी बसवले. मुलगा दिसला की हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढेच ठरले होते. मी फाटकापाशी थांबलो.

उमेदवारांची रीघ लागली. प्रत्येकाच्या मागे आई नाहीतर वडील, पाण्याची बाटली आणि शेवटच्या सूचना.

"आप्पा, सगळीच पोरं सारखी दिसतात हो," हवालदार कंटाळून म्हणाले. "चापून बसवलेले केस आन् हातात पॅड. ह्यातला तुमचा कोनता?"

गृहस्थ एकेक चेहरा निरखून पाहत होते. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक मुलगा फाटकाजवळ आला, तेव्हा मात्र ते खाली वाकले आणि चपलेचा अंगठा चाचपू लागले. त्यांचा हात काही वर आला नाही. मुलगा आत गेला आणि हवालदार धावत माझ्याकडे आले.

"साहेब, म्हाताऱ्याची चप्पल चांगली धडधाकट हाय!"

आम्ही तसेच आत शिरलो. पण उमेदवाराचे नाव माहीत नाही, बैठक क्रमांक माहीत नाही. एकेका खोलीत डोकावत निळ्या शर्टापर्यंत पोहोचलो, तोवर प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. केंद्रप्रमुखांनी प्रवेशपत्र तपासले. फोटो जुळत होता, कारण अर्ज भरतानाच या मुलाचा फोटो चिकटवलेला होता.

"फोटो बरोबर आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी पेपर काढून घेतला आणि मुलगा खरा निघाला, तर त्याचं वर्ष कोण भरून देणार, साहेब? तुम्ही?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्ही पेपर संपेपर्यंत थांबलो. मुलगा मान खाली घालून, एकदाही न अडखळता लिहीत होता.

ठाण्यात आणल्यावर त्याने आपण खरे उमेदवारच आहोत असे ठामपणे सांगितले. उमेदवाराच्या वडिलांचे नाव, परगावातला त्यांचा दवाखाना, शाळा, जन्मतारीख, सगळे त्याला तोंडपाठ होते. पाठ केलेली माहिती ओळखण्याची एक खूण मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. खरा माणूस स्वतःचा पत्ता सांगताना थोडा चुकतो, मध्येच सुधारतो. हा मुलगा एकदाही चुकला नाही. पण अशी खूण न्यायालयात पुरावा ठरत नाही.

"काय डॉक्टरसाहेब," हवालदारांनी मनगट पुढे केले, "नाडी बगा जरा. सकाळपास्नं तुमच्या पायी बी.पी. वाढलंय माझं."

"माझी अजून ॲडमिशन व्हायची आहे, काका," मुलगा शांतपणे म्हणाला.

परगावच्या ठाण्याला संदेश पाठवला होता, पण उत्तर दुसऱ्या दिवसाआधी येण्याची शक्यता नव्हती. उमेदवाराच्या डॉक्टर वडिलांचा मात्र, त्यांना दलालाने कळवले असावे, लगेच दूरध्वनी आला. मुलगा माझाच आहे, त्याला सोडा, नाहीतर वकील पाठवतो, असे ते म्हणाले. प्रवेशपत्र आणि बाप दोन्ही त्याच्या बाजूने होते. ओळख पटवणारा एकच माणूस त्या घडीला माझ्याजवळ होता, आणि तो बाहेरच्या बाकावर बसून हे सगळे ऐकत होता. मी त्यांना आत बोलावले.

"हा तुमचा मुलगा का?"

त्यांनी मुलाकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. "नाय बा. ह्यांना मी वळखत नाय. माझा पोरगा येगळा. चूक झाली, साहेब. उगाच कुनाच्या लेकराला तरास झाला."

मी मुलाकडेच पाहत राहिलो. माझी खात्री पटली नाही, असे त्यांना वाटले असावे. ते मुलाकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "डाक्टरसायबांचं लेकरू तुमी. गरिबाला माफ करा." आणि त्याच्या पाया पडण्यासाठी ते वाकले.

मुलगा उठला तशी त्याची खुर्ची मागे कलंडली. त्याने त्यांचे दोन्ही हात वरच्या वर धरले. "आप्पा, नका. आप्पा!"

"गप रे," वाकलेल्या अवस्थेतच ते म्हणाले. "तू गप."

खोलीत हवालदार होते, लिहून घेणारा शिपाई होता. शेवटी मीच खुर्ची सरळ केली आणि गृहस्थांना तिच्यावर बसवले.

मग मुलाने जबाब दिला. आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता.

"लॅबवाले म्हणाले, डी.एम.एल.टी.चा डिप्लोमा पाहिजे. शाळेत गेलो तर बी.एड. मागितलं. अंबडला कंपनीत आय.टी.आय.वाल्यालाच घेतलं, मला पॅकिंगला ये म्हणाले. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे प्रॅक्टिकल घेणाऱ्याची, जागा निघाली, तर संस्थेला देणगी द्या म्हणाले. तेवढी रक्कम घरात कुठून येणार? मग हा माणूस भेटला. त्यानं गुणपत्रिका मागितली, नीट वाचली. फिजिऑलॉजीचे मार्क बघून स्वतःहून रक्कम वाढवली. साहेब, कुणीतरी माझी गुणपत्रिका शेवटपर्यंत वाचली, ती पहिल्यांदा."

त्या रकमेतून तो देणगी भरणार होता. म्हणजे आपल्या विषयाची नोकरी मिळवण्यासाठी त्याने तोच विषय विकला होता.

तोतयेगिरी, फसवणूक आणि बनावट कागदपत्रांचा वापर, असा गुन्हा नोंदवला. दलाल फरार झाला तो सापडला नाही. डॉक्टरांनी आणि त्यांच्या चिरंजीवांनी अटकपूर्व जामीन मिळवला, आणि त्या चिरंजीवांनी पुढे दुसऱ्या राज्यात पैसे भरून प्रवेश घेतला, असे कानावर आले. जूनमधल्या मुलाखतीला हा मुलगा गेला नाही. चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा दिसत असताना त्याला कोण घेणार होते?

खटला उभा राहायला काही वर्षे लागली. तोवर माझी बदली झाली होती, साक्षीसाठी मी नाशिकला आलो. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, त्यामुळे सरकारी वकिलांची सगळी भिस्त वडिलांच्या साक्षीवर होती आणि तिचीच त्यांना भीती वाटत होती. बाप आहे, फितूर होणारच, असे ते म्हणाले. न्यायालयाच्या व्हरांड्यात मला ते गृहस्थ भेटले. खूप थकले होते. काय सांगणार, हे मी त्यांना विचारले नाही. साक्षीदाराला तसे विचारू नये. त्यांनी आपणहून सांगितले.

"एकदा 'माझा नाय' म्हनलो, साहेब. दुसऱ्यांदा नाय जमायचं."

ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर सरकारी वकिलांनी त्यांना आरोपीकडे बोट करून विचारले, "यांना ओळखता का?"

या वेळी त्यांनी मुलाकडे सरळ पाहिले. "हो. माझाच हाय. बी.एस्सी. झालेला हाय. फिजिऑलॉजी. फस्ट क्लास."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले. साक्षीत 'आरोपीस ओळखले' एवढेच टंकले गेले. त्या ओळखीच्या आधारे मुलाला शिक्षा झाली.

साक्षीदार खोटे बोलला की तरुण अधिकारी चिडतात. त्यांना मी हे प्रकरण सांगतो. समोरचा खरे बोलला तर त्याचे काय जाणार आहे, हे आधी पाहावे, आणि मग चिडायचे असेल तर चिडावे. त्या गृहस्थांचे काय जाणार होते ते मला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होते, तरी माझ्या कामात त्याने काही फरक पडला नाही. पडायलाही नको होता.

त्या पदवीविषयी तपासात मी अनेकांशी बोललो. तिच्याबद्दल अभिमानाने बोललेला माणूस एकच भेटला, आणि तो सरकार पक्षाचा साक्षीदार होता.