ड्रमच्या घरचं पाणी

किरनापूरच्या आमच्या मामाच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची, डिस्क आणि ड्रम. मामा झाडं छाटायची ठेकेदारी करायचा, आणि छाटलेल्या फांद्यांचा चुरा करणारी त्याची मशीन डिस्कची होती. आत जड चपटं चाक, त्याला पाती. फांदी तिरपी सरकवली की एकसारख्या ढलप्या बाहेर. ड्रमच्या मशीनमध्ये चाकाऐवजी पात्यांचं जाडजूड पिंप फिरतं. ते वेडंवाकडं काहीही ओढून घेतं आणि वर बोंबलतं. माझे बाबा ड्रम. गावचा सरपंच ड्रम. मामी डिस्क, कारण ती शिव्यासुद्धा एका मापात द्यायची. मी कोण, असं विचारलं तर म्हणायचा, "तू अजून लाकूडच आहेस."

ढलप्यांचा त्याला भारी सोस. तळहातावर घेऊन पोहे निवडावेत तसा बघायचा. एखादी मोठी निघाली की काम बंद, आधी पात्यांना धार. या ढलप्या अंगणात, खिशात, चपलेत, एकदा तर वरणात सापडल्या. मामी म्हणायची, या माणसाला जाळायला वेगळं लाकूड लागणार नाही.

गोची एकच होती. बेचक्याची फांदी डिस्कच्या तोंडात मावत नाही. मग मामा कुऱ्हाड घेऊन एकेक बेचकं सोडवत बसायचा, आणि त्याच्या हाताखाली मीही. मलाजखंडच्या कॉलनीत वादळानं गुलमोहर आडवे झाले, आणि गुलमोहर म्हणजे नुसती बेचकी. आमचा एक रस्ता मोकळा होईपर्यंत एका ड्रमवाल्यानं उरलेली कॉलनी साफ केली आणि चहा पीत आमची गंमत बघत बसला. मामा म्हणाला, "गिळलं म्हंजे जेवण झालं का?" पुढचं काम अर्थातच गिळणाऱ्याला मिळालं.

मग मी वेगळा झालो आणि बालाघाटात ड्रम घेतली. मामानं भर चौकात शपथ घेतली, ज्या घरी ड्रम त्या घरचं पाणी पिणार नाही. आम्ही पोट धरून हसलो. पण लगेच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेही आमच्याच अंगणात, आणि आईचं हसू पळालं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि आईला भाऊ एकच. पत्रिका द्यायला गेलो तर मामा आमच्याकडे पाठ करून कुऱ्हाडीला धार लावत बसला. आई म्हणाली, मशीन विकून टाक. मी म्हणालो, त्यापेक्षा मामा बदल. ती रडायला लागली.

लग्नाच्या सकाळी मांडवावर जांभळीच्या फांद्या चढत होत्या, तेवढ्यात ट्रॅक्टर आला. मागे डिस्कची मशीन बांधलेली, वर मामामामी, मामाच्या गळ्यात भलीमोठी पाण्याची बाटली. उरलेल्या फांद्या त्यानं आपल्या मशीनमधून काढल्या आणि ढलप्या दारातल्या चिखलावर पसरल्या. माझ्या ड्रमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग कपडे झटकून भाचीच्या मागे उभा राहिला आणि तिच्यापेक्षा जास्त रडला. पंगतीत मात्र सगळ्यांत आधी. बाबांनी मुद्दाम शपथेची आठवण काढली.

"पाणी पिणार नाही म्हणलं होतं," मामा म्हणाला. "जेवणार नाही असं कुठी म्हणलं?"

वरणात पाण्याऐवजी काय दूध घातलंय का, असं मामीनं विचारलं. त्यानं आणखी वरण वाढून घेतलं.

पुढे तो कायम बाटली घेऊनच आमच्याकडे यायचा. चहा चालायचा, चहाला तो पाण्यात धरत नसे.

गेल्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, म्हणून तो आमच्याकडेच राहायला आला. बाटली उशाशी. एका दुपारी, बाटली काठोकाठ भरलेली असताना, त्यानं आईला हाक मारली. "बाई, तुह्या माठातलं पाणी दे वं."

आईनं पाठीला हात देऊन पाजलं. अर्धा पेला पिऊन तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ड्रमचं पाणी बी पाण्यासारखंच लागते रे."

आई हसली. मला मात्र रडू फुटलं. एवढा हट्टी माणूस, बरा होणार असता तर त्यानं ते पाणी कधीच मागितलं नसतं.