डावा खांदा

असलं काही कुणी सांगायला लागलं की चहाचं निमित्त करून उठणारी बाई मी. भुतंखेतं, अंगात येणं... कशावरच विश्वास नव्हता. मांडवीत तीस वर्षं पेटी शिकवतेय — ताल चुकला तर वाजवणाऱ्याचा चुकला, ग्रहांचा नाही!

माझा मुलगा निखिल पखवाज वाजवायचा. आमच्या भजनात लय चढून गजर सुरू व्हायच्या तोंडावर त्याचा डावा खांदा पार कानापर्यंत जायचा, मान माझ्याकडे वळायची — आई, चढव! मी वरचा सूर धरला की मगच त्याची थाप पडायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

एका स्पर्धेच्या आधी मीच ओरडले, "माकडासारखा खांदा काय उडवतोस? ताठ बस."

बसला ताठ. हात तेच, बोल तेच, पण वाजवण्यातला जीवच गेला. "आई, खांदा बांधलास, आता हात काय बोलणार गो?" एवढंच म्हणाला. पुढे नोकरीला मुंबईला गेला, पखवाज इथेच राहिला. गेल्या वर्षी हायवेवर अपघात झाला... चोवीस वर्षांचा होता. माफी मागायची राहूनच गेली माझी.

वर्षश्राद्धाला संध्याकाळी घरी भजन ठेवलं. पखवाजाला देवरुखकडचे एक काका आले होते. साठीचे, निखिलला कधी न पाहिलेले. खांबासारखे बसून वाजवत होते. गजर जवळ आला आणि... त्यांचा डावा खांदा कानापर्यंत गेला. मान माझ्याकडे वळली. तशीच राहिली, वाट बघत. मग खांदा हळूहळू खाली आला. थाप पडलीच नाही.

भजन संपल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, मघाशी खांदा असा का उचललात?"

"माजा खांदा?" ते हसले. "ताई, दोन वर्सां धरलेला हाय तो. सदरा घालाया पन बायको लागते." उचलून दाखवायला गेले आणि तिथेच कळवळले.

झांज वाजवणाऱ्या माझ्या नणंदेनेही ते पाहिलं, म्हणजे भास म्हणायची सोय नाही. डॉक्टर भाचा म्हणतो, तालाच्या भरात माणूस दुखणं विसरतो. असेल. पण मान माझ्याकडे का वळली?

मला खातंय ते वेगळंच. तो सूर मागत होता — आणि माझी बोटं पेटीवरून उठली होती. माझ्याच पोराला घाबरले मी.