शेवंतीच्या हातची केबल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात कोलशेतची शेवंती कोळी अकरा वर्षं केबली जोडत होती. तिचा हात सगळ्यांत साफ. म्हणून १९९२ साली पुण्याहून महासंगणकाचं काम आलं, तेव्हा मालक शिवरामशेठनी ते तिच्याच टेबलावर ठेवलं.

पुण्याचे इंजिनियर महिपत सावंत स्वतः समजावून सांगायला आले. "हा एकच संगणक नाही, बाई. चौसष्ट लहान संगणक एका कामाला जुंपलेत. प्रत्येकाने आपला हिशेब करायचा आणि शेजाऱ्याला ताबडतोब कळवायचा. कळवायला उशीर झाला की बाकीचे नुसते बसून राहतात. ते कळवणं तुमच्या केबलीतून होणार."

केबलीतल्या बारीक तारांच्या जोड्यांना पीळ होता. तो टोकापर्यंत ठेवायचा. सोल्डरचा डाग देण्यापुरता बोटाचं अर्धं पेर उलगडायचा, त्याहून जास्त नाही.

शेवंतीला तेव्हा त्रेचाळिसावं चालू होतं. वर्षभर तिला जवळचं धूसर दिसत होतं. चष्मा लागला म्हणून आवडाबाईला सोल्डरिंगवरून काढून पॅकिंगला टाकलं, हे तिने पाहिलेलं. ती कोणाला बोलली नाही. तारा वेगवेगळ्या दिसाव्यात म्हणून पीळ एक पेर, कधी दीड पेर उलगडू लागली. मीटर लावला की केबल पास होत होती.

दोन महिन्यांनी पुण्याहून निरोप आला. संगणक थोडा वेळ नीट चालतो, मग आकडे चुकतात; संशय केबलींवर आहे. शेवंतीला पहिली शंका स्वतःचीच आली. पण शेठनी खापर फोडलं शकूवर. ठाकुर्लीची शकू तिच्या शेजारी बसून तेच काम करायची, वर्षही झालं नव्हतं तिला. "नवा हात आहे, दुसरं कोण चुकणार?" शेठ म्हणाले. सोमवारपासून येऊ नको, असं सांगितल्यावर शकूने डबा उचलला आणि एकदा शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने मान वर केली नाही.

आठवड्याने महिपत केबली घेऊनच आले. टोकं उघडून त्यांनी दोन ढीग केले. "मीटरला हे कळत नाही," ते शेठना म्हणाले. "वेग वाढला की उलगडलेल्या तारा शेजारणीचं बोलणं उचलतात. या ढिगातल्या सगळ्या खराब."

केबलीतल्या तारा बांधायच्या दोऱ्याची गाठ ज्याची त्याची वेगळी असते. शेवंतीने त्या ढिगातल्या गाठी बोटांनी चाचपून पाहिल्या.

"या माझ्या," ती म्हणाली. "शकूच्या त्या बाजूच्या. चांगल्या आहेत त्या."

"सगळ्या तुमच्या?"

"सगळ्या. जवळचं दिसत नाही मला, साहेब."

शेठ काहीतरी बोलणार होते. महिपतनी त्यांना थांबवलं. "आठवडाभर सहा माणसं चूक शोधत होती, बाई. नुसतं सांगितलं असतंत तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "परत करून द्याल?"

शेवंतीने चष्मा केला. तीन आठवड्यांत सगळ्या केबली नव्याने जोडल्या आणि मग ठाकुर्लीला शकूच्या चाळीत गेली.

"शेठनी बोलावलंय तुला."

"चिठ्ठी आलेली. कामावर या, एवढंच लिहिलंय. चूक कोणाची ते नाही." शकू तांदूळ निवडत होती. "शहाडला शिलाईचं काम लागलंय मला."

"चूक माझी होती गं. त्या दिवशीच मला शंका आलेली."

शकूचे हात थांबले. "नवरा म्हणाला, तुझ्या हाताला कसलंच काम जमत नाही. मला पण पटलेलं ते. तुम्ही शिकवलेलं ना मला. तुम्ही गप्प, म्हणजे चुकलं माझंच असणार."

शकूने चहा केला. तो शेवंतीने खाली मान घालून प्यायला.

पुढल्या वर्षी संगणक पूर्ण वेगाने चालला. कारखान्याला आभाराचं पत्र आलं, त्यात शेवंतीचं नाव होतं. तिने आपल्या मुलीकडून महिपतना पत्र लिहवून घेतलं, शकूच्या केबली पहिल्यापासून बरोबर होत्या, तेवढं कागदावर द्या. पंधरा दिवसांत सहीशिक्क्याचा कागद आला.

तो घेऊन ती ठाकुर्लीला गेली, तेव्हा शकू कामावर होती. दारात नवरा होता. "वाचा," शेवंती म्हणाली, आणि तो पूर्ण वाचेपर्यंत उभी राहिली. त्याने दोनदा वाचला, घडी घातली. "देतो तिला," म्हणाला.

कारखाना सत्त्याण्णवला बंद झाला. तोवर शेवंती सोल्डरिंगलाच होती. शकू तिला पुन्हा भेटली नाही.